दोन फुटी रीफ टँकमध्ये कोण कोणाशेजारी: जीव निवडायचे, आणायचे आणि सोडायचे कसे

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातून खाऱ्या पाण्याचे मासे घ्यायचे म्हणजे मुंबई, पुणे किंवा बंगळूर गाठायचं, नाहीतर रात्रीच्या बसनं पार्सल मागवायचं. एवढी खटपट केल्यावर हात आखडत नाही. ‘पुन्हा कोण येणार एवढ्या लांब’ म्हणून एकाच फेरीत दोन क्लाउन, एक ब्लू टँग, तीन डॅम्सल, एक अ‍ॅनिमोन (फुलासारखा दिसणारा, डंख मारणारा समुद्री जीव) आणि निळा तारामासा घरी येतो. दोन महिन्यांनी टाकीत उरतो तो एक डॅम्सल, आणि तोही कुणाला जवळ येऊ देत नाही.

चूक पाण्यात कमी आणि खरेदीत जास्त असते. लहान टाकीत जिवांचं जमणं तीन गोष्टींवर ठरतं: पूर्ण वाढलेला आकार, राहण्याची जागा आणि सोडण्याचा क्रम. दुकानात उभं राहून यातली एकही गोष्ट दिसत नाही, म्हणून यादी घरी बसूनच करायची.

खालचं सगळं २४ × १८ × १८ इंचाच्या रीफ टँकसाठी, म्हणजे मासे आणि कोरल (प्रवाळ) एकत्र ठेवायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी आहे. काठोकाठ भरली तर ती सुमारे १२७ लिटरची, पण दगड आणि वाळू घातल्यावर प्रत्यक्ष पाणी १०० लिटरच्या आसपास उरतं. हिशेब या १०० लिटरचा करायचा. दुकानदार सांगतो त्या आकड्याचा नाही.

## टप्पा १: कायद्यात बसत नाही ते आधी खोडा

यादीतली पहिली काट इथं मारायची. भारतीय समुद्रातलं दगडी कोरल, काळं कोरल, अग्निकोरल, ऑर्गन पाइप कोरल, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे हे सगळे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाला जे संरक्षण, तेच यांना. मेलेल्या कोरलचा पांढरा सांगाडाही त्यात आला. ‘शोसाठी’ म्हणून विकले जाणारे पांढरे फांद्यांचे तुकडे घेऊ नका. किनाऱ्यावरून उचललेला ‘लाइव्ह रॉक’सुद्धा बहुतेकदा कोरलचाच सांगाडा असतो, म्हणून तोही नको. सिरॅमिकचे किंवा सिमेंटपासून बनवलेले कृत्रिम रीफ रॉक मिळतात. जिवाणू वसायला तेवढे पुरतात.

परदेशातून आलेलं दगडी कोरल साइट्स या, वन्य जिवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या परिशिष्ट २ मध्ये येतं. त्याला आयातीचे कागद लागतात, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी जिवांच्या नोंदणीची तरतूदही कायद्यात आली आहे. कागद नसतील तर घेऊ नका. या लेखात म्हणूनच मऊ कोरलपुरतंच बोललं आहे. नवख्या माणसाच्या १०० लिटरला तसंही तेच झेपतं.

सावधान: गोवा-कारवारच्या खडकांतून खेकडे, अ‍ॅनिमोन, शंख गोळा करून टाकीत घालू नका. ते किती वाढतील आणि काय खातील हे सांगता येत नाही, आणि त्यांच्याबरोबर परजीवी येतात ते वेगळेच. गोव्याचं समुद्रपाणी कॅनमध्ये आणणारेही आहेत. पावसाळ्यात आणि त्यानंतरचे काही आठवडे मांडवी, झुआरी, काळी या नद्या किनाऱ्याचं पाणी गोडं करून टाकतात, तेव्हा तर ते मुळीच नको.

## टप्पा २: घर आणि टाकी तयार आहे का

पाणी. राकसकोप किंवा हिडकलचं नळाचं पाणी असो, बोअरचं असो, ते थेट चालत नाही. पिण्याच्या आरओ मशीनचं पाणीही चालत नाही, कारण बहुतेक मशिनं चवीसाठी क्षार परत मिसळतात आणि टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) ३० ते ६० येतो. आरओच्या पुढं डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे मणी) लावून टीडीएस ० आणा. मीठ मरीनचंच हवं, लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम. घनता रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजायच्या उपकरणावर) १.०२५ दिसली पाहिजे.

तांबं. हे मुद्दाम वेगळं लिहितो. आपल्याकडं घराघरात तांब्याची घागर, बंब, पितळी नळ असतात. माशाला चालेल इतकं तांबंही कोळंबी, गोगलगाय आणि कोरलला मारतं. बादली, मग, पाइप, सगळं प्लॅस्टिकचं आणि फक्त टाकीसाठी राखून ठेवलेलं हवं. तसंच डासांच्या कॉइल, मशीन आणि फवाऱ्यांतलं औषध. ते कीटकांसाठी बनवलेलं असतं आणि कोळंबी ही कीटकांच्या नात्यातली, त्यामुळं टाकीच्या खोलीत ते वापरायचं नाही.

ऑक्सिजन आणि करंट. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचावर आहे. हवेचा दाब कमी, त्यामुळं त्याच तापमानाच्या पाण्यात किनाऱ्यापेक्षा सुमारे ८ टक्के कमी ऑक्सिजन मावतो. पंप चालू असताना हे जाणवत नाही. आषाढात वाऱ्यापावसानं झाड तारेवर पडलं आणि तीन तास करंट गेला की जाणवतं. इन्व्हर्टरवर निदान एक वेव्हमेकर (पाणी हलवत ठेवणारा पंप) ठेवा, नाहीतर बॅटरीचा एअरपंप. तोही नसेल तर पुढं यादी करताना एक मासा कमी करा.

तापमान. लक्ष्य २५ ते २६ अंश. एप्रिल-मेमध्ये पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंखा लावला तर २-३ अंश उतरतात, पण रोज लिटर-दीड लिटर पाणी उडून जातं. ते साध्या ० टीडीएस पाण्यानंच भरायचं, खाऱ्या नाही. पाणी उडतं, मीठ मागं राहतं. पावसाळ्यात आणि थंडीत उलटं: रात्री खोली १५ ते २० अंशांवर येते, तेव्हा १०० ते १५० वॅटचा हीटर हवा.

जाळी. टाकीवर ६ मिलिमीटर छिद्रांची जाळी हवी. फायरफिश आणि गोबी उडी मारतात आणि सकाळी फरशीवर सापडतात.

सायकल. माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू रिकाम्या टाकीत वसायला ४ ते ६ आठवडे लागतात. त्यासाठी डॅम्सल सोडायचा नाही. अमोनियम क्लोराइडचं द्रावण वापरा, नाहीतर बाजारातल्या कोळंबीचा एक तुकडा जाळीत बांधून ठेवा.

तपासणी: अमोनिया २ पीपीएमपर्यंत नेला आणि २४ तासांनी अमोनिया ० व नायट्राइट ० आलं, तरच पुढं जा. मग निम्मं पाणी बदला, नायट्रेट २० च्या खाली आणा. एक दिवस आकडे बरे दिसले म्हणून पुरत नाही; तीन दिवसांनी हीच चाचणी पुन्हा करा.

## टप्पा ३: कागदावर मजले पाडा

टाकी वाड्यासारखी बघा. वाळूचा तळमजला, दगडांच्या कपारी, दगडांचे वरचे माथे आणि मधलं मोकळं पाणी. एका मजल्यावर एकच बिऱ्हाड. वाळूतला गोबी आणि वरती तरंगणारी फायरफिश एकमेकांकडं बघतही नाहीत. पण एकाच कपारीवर हक्क सांगणारे दोन मासे रंगानं कितीही वेगळे असले तरी भांडतात. सारखा रंग, सारखा अंगाचा आकार किंवा सारखं खाणं असेल तर भांडण आणखी लवकर पेटतं.

प्रत्येक जिवापुढं पाच रकाने भरा: पूर्ण वाढीची लांबी, मजला, खाणं, एकटा की जोडी, आणि कुणाला खातो किंवा कोण याला खातं. पाचवा रकाना लोक भरतच नाहीत.

आकाराचे दोन नियम. पूर्ण वाढून १० सेंटिमीटरच्या वर जाणारा मासा या टाकीत नको. आणि सगळ्या माशांच्या पूर्ण वाढीच्या लांब्यांची बेरीज ३० सेंटिमीटरच्या आसपास थांबवा. हा ढोबळ हिशेब आहे. चांगला स्किमर (पाण्यातली घाण फेसातून काढणारं यंत्र) आणि दर आठवड्याला १० ते १५ टक्के पाणी बदलण्याची सवय असेल तर थोडं पुढं जाता येतं. सवय लागायची आहे असं वाटत असेल तर २५ वर थांबा.

## टप्पा ४: मासे

ऑसेलारिस क्लाउन, जोडी. मादी ८, नर ६ सेंटिमीटरपर्यंत. तमिळनाडूतल्या मंडपम इथं केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केंद्रात क्लाउनच्या प्रजननाचं तंत्र बसवलं गेलं, आणि आता टाकीत जन्मलेली पिल्लं विकत मिळतात. तीच मागा, ती कोरडं खाणं पहिल्या दिवसापासून खातात. क्लाउन जन्मतः मादी नसतात. दोघांतला वरचढ मासा मादी होतो. म्हणून दोन लहान पिल्लं घ्या, किंवा एक मोठा आणि एक उघड लहान. सारख्या आकाराचे दोन मोठे घेतले तर दोन्ही माद्या निघू शकतात, आणि मग एकच उरते. क्लार्की, टोमॅटो आणि मरून हे क्लाउनच असले तरी या टाकीत नकोत. मरूनची मादी १५ सेंटिमीटरपर्यंत जाते आणि तुमच्या हातालाही चावते.

फायरफिश, एक. ८ सेंटिमीटर, मधल्या पाण्यातली, भित्री. दोन घेतल्या आणि जोडी जमली नाही तर कमजोर फायरफिश उडी मारून सुटका करून घेते.

पिवळा वॉचमन गोबी, एक. १० सेंटिमीटर, वाळूतला. याच्याबरोबर लहान पिस्तूल कोळंबी ठेवता येते: ती बीळ खोदते, गोबी दारात पहारा देतो. अट एकच, दगड वाळूवर न ठेवता थेट तळाच्या काचेवर टेकवून मग वाळू भरलेली हवी. नाहीतर कोळंबी खालून वाळू काढते आणि दगड काचेवर येतो.

टेलस्पॉट ब्लेनी, एक. ६ सेंटिमीटर, दगडांवर बसून शेवाळ खुरडतो. नव्या, स्वच्छ टाकीत उपाशी राहतो, म्हणून काचेवर हिरवा थर यायला लागल्यावरच आणा.

रॉयल ग्रामा, एक. ८ सेंटिमीटर, कपारीतला. पुढून जांभळा, मागून पिवळा. इथं हमखास फसगत होते: तसाच दिसणारा रॉयल डॉटीबॅक निम्म्या किमतीत मिळतो आणि फायरफिशला कोपऱ्यात दाबून ठेवतो. ओळख अशी की ग्रामाचा जांभळा पिवळ्यात हळूहळू मिसळत जातो आणि पाठीच्या पराला पुढं काळा ठिपका असतो. डॉटीबॅकच्या अंगावर दोन रंगांची सीमा पट्टीनं आखल्यासारखी असते.

बँगाई कार्डिनल, एक किंवा सिद्ध जोडी. दोन नर एकत्र आले तर एक मरतो. दुकानात एकमेकांना चिकटून फिरणारे दोन दिसले तरच जोडी समजा. बारीक कोळंबी तोंडात मावली तर गिळतो.

यांतून दोन याद्या बसतात. पहिली: क्लाउनची जोडी, एक फायरफिश, एक वॉचमन गोबी. बेरीज ३२, म्हणजे काठावर. दुसरी: ग्रामा, फायरफिश, टेलस्पॉट ब्लेनी. बेरीज २२, आणि दोघांतली ही जास्त निवांत चालते. पण क्लाउनशिवाय टाकी करायला घरातली मुलं तयार होत नाहीत, हे माहीत आहे.

आता नकोत ते. पॅराकँथुरस टँग, म्हणजे दुकानातला ‘ब्लू टँग’, ३० सेंटिमीटर होतो. दोन फुटी टाकीत त्याला वळायला जागा नाही. पिवळा टँग २० चा. डॉमिनो आणि तीन पट्ट्यांचे डॅम्सल स्वस्त असतात, मरत नाहीत, आणि मोठे झाल्यावर टाकी स्वतःच्या नावावर करून घेतात. बाहेर काढायचे तर सगळे दगड उचलावे लागतात. लायनफिश काट्यांनी विषारी आणि तोंडात मावेल ते खाणारा. बटरफ्लाय कोरल कुरतडतात. मंडारिनला जिवंत कोपेपॉड (कोळंबीच्या नात्यातले अगदी बारीक जीव) लागतात. १०० लिटरमध्ये ते तयार होण्यापेक्षा लवकर संपतात, आणि मासा दोन-तीन महिन्यांत पोट आत जाऊन मरतो. क्लीनर रास या माशाचंही असंच, बहुतेक उपाशी मरतात. सहा पट्ट्यांचा रास लहान आणि देखणा असतो, पण एवढ्या जागेत तो नंतर आलेल्या प्रत्येकाच्या मागं लागतो.

## टप्पा ५: कोळंबी, गोगलगायी, हर्मिट

सफाईवाले भरपूर घ्या, असा सल्ला सगळीकडं मिळतो. १०० लिटरला एवढे पुरतात: ट्रोकस ५, सेरिथ ५, नॅसॅरिअस ३. यापेक्षा जास्त आणले तर खाणं संपतं, ते मरतात आणि अमोनिया वाढतो. अ‍ॅस्ट्रिया घेऊ नका. उलटी पडली की तिला सरळ होता येत नाही आणि हर्मिट (रिकाम्या शंखात राहणारा खेकडा) तिला खातो; ट्रोकस स्वतःच सरळ होते.

निळ्या पायांचे लहान हर्मिट ३, आणि त्यांच्यापेक्षा थोडे मोठे रिकामे शंख ६ ते ८ वाळूवर टाकून ठेवा. हर्मिट गोगलगायीला मारतो तो बहुतेक वेळा तिच्या घरासाठी.

क्लीनर कोळंबी एक किंवा दोन चालतात. पट्टेवाली बॉक्सर कोळंबी इतर कोळंब्यांना मारते आणि रात्री झोपलेला लहान मासाही धरते. दोन्हींपैकी एकच जात ठेवा.

एप्टेशिया नावाचा तपकिरी, नको असलेला अ‍ॅनिमोन खाण्यासाठी पेपरमिंट कोळंबी आणतात. तिच्या नावावर उंट कोळंबी गळ्यात मारली जाते. उंट कोळंबीच्या पाठीला कुबड असतं, डोळे मोठे आणि अंगावर ठळक पांढऱ्या रेघांची नक्षी असते. ती मऊ कोरल आणि झोआ (बटणांसारखे गुच्छानं वाढणारे कोरलसारखे जीव) खाते.

तारामासे नकोत. निळा लिंकिया महिनोन्‌महिने उपाशी राहून झिजतो. चॉकलेट चिप कोरलच खातो. अ‍ॅनिमोनही पहिले सहा महिने नको. तो चालत जातो, पंपात अडकतो आणि त्याच्या चिंध्या झाल्या की रात्रीत टाकी जाते. कार्पेट अ‍ॅनिमोन तर मासे धरून खातो. टाकीत जन्मलेल्या क्लाउनला अ‍ॅनिमोन लागतच नाही; तो कोपऱ्यातल्या पंपापाशी सुखानं झोपतो.

## टप्पा ६: मऊ कोरल, आणि त्यांच्यातलं अंतर

कोरल एका जागी बसलेलं असतं म्हणून ते भांडत नाही असं समजू नका. काही डंख मारतात, काही पाण्यात रसायन सोडतात, काही शेजाऱ्याच्या अंगावर वाढतात.

मशरूम कोरल पहिलं. कमी उजेडात, खालच्या बाजूला, मंद प्रवाहात. झोआ मध्यावर. ग्रीन स्टार पॉलिप आणि झेनिया हे गवतासारखे पसरतात, म्हणून मुख्य दगडाला कधीच लावू नका. वाळूवर वेगळा दगड ठेवा, चारी बाजूंनी निदान ८ सेंटिमीटर मोकळी वाळू. लेदर कोरल एकच, मागं वर, त्याच्याभोवती १५ सेंटिमीटर रिकामं. ते शेजाऱ्यांना दडपणारी रसायनं सोडतं. फिल्टरमध्ये मूठभर अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन ठेवून तो दर तीन आठवड्यांनी बदला.

लावताना आजची फांदी बघू नका, वर्षानंतरची बघा. दोन तुकड्यांमध्ये हाताची वीत ठेवली तर सहसा निभावतं.

सावधान: झोआ आणि पॅलिथोआमध्ये पॅलिटॉक्सिन हे अत्यंत घातक विष असू शकतं. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय कापू नका, घासू नका. झोआ लागलेला दगड कधीही उकळू नका, त्यावर गरम पाणी ओतू नका. वाफेतून विष फुप्फुसात जातं. हातावर चीर असेल तर त्या दिवशी टाकीत हात नाही.

## टप्पा ७: दुकानात

यादी खिशात आणि त्यापलीकडं काही घ्यायचं नाही. बरोबर रिफ्रॅक्टोमीटर न्या.

१. मासा तुमच्यासमोर खातो का? खाल्लं नाही तर नाही.

२. दुकानात येऊन किती दिवस झाले? सात दिवसांच्या आतला घेऊ नका. प्रवासात खचलेले याच आठवड्यात जातात.

३. कल्ले जोरात हलतात का, पर मिटलेले आहेत का, पाठीचं मांस आत गेलंय का, अंगावर मीठ शिंपडल्यासारखे ठिपके किंवा पिठासारखा थर आहे का?

४. शेजारच्या टाक्याही बघा. बऱ्याच दुकानांत सगळ्या टाक्यांचं पाणी एकच असतं. एका टाकीत पांढरे ठिपके म्हणजे सगळ्यांत.

५. पाण्याची घनता मोजा. परजीवी दबून राहावेत म्हणून पुष्कळ दुकानांत ती १.०१८ ते १.०२० ठेवतात. हा आकडा लिहून घ्या, पुढच्या टप्प्यात लागतो.

बसनं आणायचं तर थर्मोकोलचा बंद डबा, प्रत्येक मासा वेगळ्या दुहेरी पिशवीत, आणि पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन. निघण्याआधी एक दिवस माशाला उपाशी ठेवायला सांगा. रात्रीची बस घ्या, आणि डबा डिकीत इंजिनच्या बाजूला जाऊ देऊ नका.

## टप्पा ८: पिशवीतून क्वारंटाइनमध्ये

सगळ्यात जास्त मासे इथं मरतात, आणि तेही प्रेमानं वागवल्यामुळं. दोन तास थेंब थेंब पाणी सोडायचं, असं सगळ्यांनी वाचलेलं असतं. दुकान गल्लीच्या टोकाला असेल तर ते ठीक. दहा-बारा तासांच्या प्रवासात मात्र पिशवीतल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच उतरतो आणि माशाचा अमोनिया निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. आता दोन तास थेंब मोजत बसलात तर मासा त्या विषात बसलेला असतो.

म्हणून माशासाठी क्रम असा:

१. क्वारंटाइनच्या, म्हणजे नव्या माशाला आधी वेगळं ठेवायच्या टाकीच्या पाण्याची घनता, मासा सोडण्याआधी, दुकानात लिहून आणलेल्या आकड्याला जुळवा.

२. दिवा बंद. बंद पिशवी पाण्यावर २० मिनिटं तरंगत ठेवा.

३. पिशवी उघडा, घनता मोजा. फरक ०.००२ च्या आत असेल तर मासा लगेच हातानं किंवा डब्यानं उचलून सोडा. पिशवीचं पाणी टाकीत घालू नका.

४. मग रोज ०.००१ नं घनता वाढवत १.०२५ वर आणा.

कोळंबी आणि गोगलगायींचं वेगळं. त्यांना घनतेतला फरक सोसत नाही. त्यांचं पाणी डब्यात काढून अमोनिया निष्क्रिय करणारं द्रावण घाला आणि दीड-दोन तास थेंबानं पाणी मिसळा. त्यांना औषधाच्या टाकीत ठेवायचं नाही. शक्य असेल तर वेगळ्या, मासे नसलेल्या डब्यात काही आठवडे ठेवा. शंखावरून परजीवीची अंडी येऊ शकतात.

क्वारंटाइन टाकी ४० लिटरची पुरे. वाळू नाही, दगड नाही, लपायला पीव्हीसीचे दोन-तीन एल्बो, हीटर, जाळी आणि स्पंज फिल्टर. तो स्पंज चार आठवडे आधीपासून मुख्य टाकीत ठेवून जिवाणूंनी भरलेला हवा. मासा चार आठवडे इथं राहतो. पांढरे ठिपके दिसले तर तांब्याचं औषध याच टाकीत, बाटलीवरच्या मात्रेनं आणि तांब्याचं टेस्ट किट हातात असेल तरच. क्लाउनच्या अंगावर बुळबुळीत पांढरा थर दिसला, श्वास जोरात चालू झाला आणि खाणं सुटलं, तर तो ब्रुकलिनेला हा परजीवी. त्यावर तांबं चालत नाही, आणि वेळ दोन-तीन दिवसांचीच असते.

क्वारंटाइनचा कंटाळा येतो. पण पांढरा ठिपका एकदा मुख्य टाकीत गेला तर सगळे मासे बाहेर काढून ती टाकी ७६ दिवस माशांविना चालवावी लागते. २८ दिवस परवडतात.

तपासणी: क्वारंटाइनमध्ये रोज अमोनिया मोजा. ०.२५ दिसला की त्याच दिवशी निम्मं पाणी बदला.

## टप्पा ९: सोडण्याचा क्रम

भित्रे आधी, दादा शेवटी. पहिल्या यादीसाठी, टाकी भरल्यापासून मोजलेलं वेळापत्रक असं बसतं:

- आठवडा ६: गोगलगायी आणि हर्मिट. काचेवर तपकिरी थर दिसला की.
- आठवडा ८: मशरूम आणि झोआचा एकेक तुकडा. दोन आठवडे उघडे राहिले तर पुढं.
- आठवडा १०: फायरफिश.
- आठवडा १३: वॉचमन गोबी आणि पिस्तूल कोळंबी.
- आठवडा १४: क्लीनर कोळंबी.
- आठवडा १७: क्लाउनची जोडी.

क्लाउन आधी सोडले तर महिन्याभरात अर्धी टाकी त्यांची होते आणि फायरफिश दगडामागून बाहेर येत नाही. दुसऱ्या यादीत ग्रामा शेवटी.

आता मूळ अडचण: प्रत्येक माशासाठी मुंबई कोण गाठणार? गोगलगायी आणि कोरल पार्सलनं मागवता येतात. माशांच्या दोन फेऱ्या करा, पहिलीत फायरफिश आणि गोबी, दुसरीत क्लाउन. तेही जमत नसेल आणि सगळे एकदमच आणायचे असतील, तर क्वारंटाइनच्या दोन टाक्या तयार ठेवा. फायरफिश सोडल्यावर क्लाउन त्यांच्या टाकीत आणखी सात आठवडे राहिले तरी बिघडत नाही. मुख्य टाकीतला क्रम मात्र मोडायचा नाही.

तपासणी: प्रत्येक नव्या जिवानंतर तिसऱ्या आणि सातव्या दिवशी अमोनिया, नायट्राइट मोजा. दोन्ही ० नसतील तर पुढची तारीख एक आठवडा ढकला.

## टप्पा १०: भांडण झालं तर

पहिले तीन दिवस थोडी पळापळ होते. पर फाटले, एक मासा वरच्या कोपऱ्यात हीटरमागं अडकून राहिला किंवा दोन वेळा खायला आला नाही, तर वाट बघू नका.

आधी दादागिरी करणाऱ्याला छिद्रांच्या पारदर्शक डब्यात घालून त्याच टाकीत पाच-सात दिवस टांगा. मार खाणाऱ्याला नव्हे, मारणाऱ्याला. तेवढ्यात दोन-तीन दगडांची जागा बदला, म्हणजे हद्दी पुसल्या जातात. बाहेर आल्यावर पुन्हा तेच केलं तर तो मासा या टाकीतला नाही. क्वारंटाइनमध्ये हलवा आणि त्याच्यासाठी दुसरं घर शोधा. क्वारंटाइनची टाकी रिकामी झाली म्हणून मोडून माळ्यावर टाकू नका, ती अशाच वेळी लागते.

खाणं दोन वेळा, अर्ध्या मिनिटात संपेल एवढंच, आणि टाकीच्या दोन टोकांना. एकाच जागी टाकलं की क्लाउन सगळं गट्ट करतात. गणपतीला गावी जायचं असेल तर शेजाऱ्याकडं खाण्याची डबी देऊ नका. दिवसाच्या पुड्या बांधून वर तारीख लिहून ठेवा, बाकीची डबी लपवा. वर रोज भरायच्या पाण्याचा कॅनही वेगळा भरून त्यावर ‘बिनमिठाचं’ असं ठळक लिहा.